मालोजीचा संपादक

सदूने उंबऱ्यातूनच बातमी सांगितली, आणि गौराच्या हातातली भाकरी तव्याच्या काठावर अर्धी लोंबकळत राहिली.

"आबा, दुंदुभीवाले येतायत. मंगळवारच्या गाडीनं मुंबईसनं पुन्याला चाललेत. कर्जतला गाडी थांबली की शेठ हार घालनार हाय."

"कोन येतंय?" मालोजीने विचारलं. त्याला ऐकू आलं होतं. पुन्हा एकदा ऐकायचं होतं.

"हरिपंत सोमण. संपादक."

मालोजी पडवीत सुंभ वळत बसला होता. तो उठला, खुंटीवरचं मुंडासं काढून त्याने डोक्याला गुंडाळलं, आणि गाडी मंगळवारची आहे हे ध्यानात आल्यावर पुन्हा खाली बसला. मुंडासं मात्र काढलं नाही. जेवतानाही ते डोक्यावरच होतं.

गौराने जळकी भाकरी हळूच आपल्या बाजूला सरकवली. पाठीमागे झोळीत हिरू कुरकुरत होती. तिच्याकडे वळायचं निमित्त मिळालं हे बरं झालं, नाहीतर सुनेचा चेहरा त्या वेळी घरातल्या कुणीही वाचला असता. आणि त्याला अक्षरओळख लागली नसती.

त्या घरात मोठ्या माणसांची भक्ती नवी नव्हती. दादाभाई विलायतेच्या सभेत निवडून गेले तेव्हा मालोजीने आपल्या गावात, दहिवलीत, घरोघर गूळ वाटला होता. "पारशी मानूस रानीच्या दारात जाऊन आपलं गाऱ्हानं सांगनार," असं तो ज्याला त्याला सांगे. त्याचा धाकटा भाऊ धाकलू तंबाखू मळता मळता त्याला डिवची, "हाताच्या बोटांवर मोजन्याइतक्या मतांनी आलाय म्हनं निवडून. आपल्या भावकीत त्याच्यापेक्षा जास्त डोकी पंगतीला असतात." मालोजी म्हणे, "पंगतीलाच असतात."

पण दादाभाई फार लांबचे. 'जनदुंदुभी' साप्ताहिकाचे हरिपंत म्हणजे त्याच्या घरचेच. त्याला कारण होतं राब. भाताचं बी टाकायच्या आधी टहाळ, पाचोळा, शेण पसरून ती जमीन भाजून काढायची, तो राब. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर ताटात काही नाही. जंगलखात्याने टहाळ तोडायला मनाई केली त्या साली मालोजी स्वतःच्या बापाने राखलेल्या ऐनाच्या झाडाखाली चोरासारखा उभा राहिला होता, आणि गार्डाने त्याच्या हातातली कोयती काढून नेली होती. तेव्हा पुण्यात बसलेल्या त्या माणसाने लिहिलं, 'ज्या हातांनी सरकारचा सारा भरायचा, तेच हात सरकारने बांधून ठेवले आहेत.' मालोजीने ते वाक्य गौराकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. मग उठून गोठ्यात गेला, आणि बराच वेळ बैलांशी काहीतरी बोलत राहिला.

गौराचा नवरा सदू कर्जतला भाताच्या वखारीत काट्यावर होता. वखारीच्या शेठचं वाचून झालं, त्याच्या मेव्हण्याचं वाचून झालं, की हळदीची पुडी व्हायच्या आत सदू तो अंक उचलून घरी आणी. सदूला पोत्यांवरचे आकडे कळत; अक्षर कळे ते एकट्या गौराला. तिचा बाप खालापूरला महालकऱ्याच्या कचेरीत पट्टेवाला. कारकून पान खायला बसले की तो चुना-कात पुढे करी आणि म्हणे, "रावसाहेब, पोरीला एवढी बाराखडी." पानागणिक एक अक्षर करत पोर वाचायला शिकली. सून म्हणून दहिवलीत आली तेव्हा मालोजीने आधी तिच्याकडून 'दुंदुभी'चं मथळ्याचं नाव वाचून घेतलं आणि मग तिच्या हातचं पाणी प्यायला.

आणि तिथेच सगळी गोम होती.

हिरूच्या वेळची गोष्ट. बाळंतपण होऊन थोडेच दिवस झाले होते, आणि कांडण पडलं होतं. मालोजीची थोरली बहीण भागूबाई, घरादाराची आक्का, मुसळ पुढे करून उभी होती. तेवढ्यात मालोजीने हाक मारली, "सूनबाई, आज काय म्हनतात संपादक?" गौराने अंक उघडला. समोर म्युनिसिपालटीच्या गटारांबद्दल दोन रकाने होते. तिच्या कमरेत कळ आली, आणि तोंडातून निघून गेलं, "संपादक लिवतात, बाळंतिनीनं सव्वा म्हैना मुसळाला हात लावता कामा नये."

"लिवलंय?"

"लिवलंय."

"आक्का, मुसळ ठेव," मालोजी म्हणाला.

एवढं सोपं होतं ते. गौराला रात्री झोप आली नाही, आणि पुढच्या आठवड्यात तिने एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात मात्र संपादकांनी लिहिलं की तपकीर ओढून पडवीत शिंकरणं हे देशाच्या उन्नतीला मारक आहे. मग लिहिलं, म्हाताऱ्या बायकोच्या गुडघ्यांना नवऱ्याने कोमट तेल आणून द्यावं. राजकारणाला तिने कधी हात लावला नाही. लाटसाहेब, कौन्सिल, सारा, राब, सगळं जसंच्या तसं. हरिपंतांची वाक्यं वाचताना तिला वाटे, चांगल्या मेढींवर, लाकडी खांबांवर, घर उभं राहावं तशी ती उभी राहतात. त्यांच्याच मेढींवर ती मधूनमधून आपलं एक छप्पर टाकी, एवढंच.

पण या माघात हरिपंतांनी मुलींच्या शाळेवर लेख लिहिला. लांबलचक, आणि नेहमीसारखाच सुरेख. मुलींना शाळेत घालणं म्हणजे चुलीतलं लाकूड काढून वेशीवर टांगणं, असं त्यांनी म्हटलं होतं. गौराने तो आधी मनात वाचला. वाक्य इतकं चांगलं होतं की तिला पहिल्यांदा हसूच आलं, आणि मग कळलं की ते लाकूड आपण.

समोर पडवीत ठमी बसली होती. मालोजीचं शेंडेफळ, गौराची नणंद, कोळशाने जमिनीवर आपलं 'ठ' काढत होती आणि त्याला डोळे, मिश्या लावत होती. गौराने मोठ्याने वाचलं, "ज्या घरात एक मुलगी वाचते, त्या घराला आपलं नशीब दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागत नाही."

मालोजी त्या दिवशी जेवून उठला तो थेट मास्तरांकडे गेला, आणि मास्तरांनी शाळेत मुलींसाठी वेगळी चटई टाकायचं कबूल केलं.

आक्काला हे मानवणारं नव्हतं. ठमीसाठी साजगावची सोयरीक तिने आणली होती. घर चांगलं, दावणीला चार जनावरं, आणि मुलाची आई शब्दाची पक्की. त्यांचं म्हणणं एकच: याच फाल्गुनात सुपारी फोडू, आणि शाळेत गेलेली सून आम्हाला नको. आक्का रोज सकाळी दुधाचा रतीब घालायला नदीपलीकडे कर्जतला जाई, चार ब्राह्मणांच्या घरी तिचा पाय होता. आताही सदूची बातमी ऐकून ती शांतपणे पानावरून हात फिरवत म्हणाली, "मालू, वकिलीनबाई वेगळंच सांगत व्हती. म्हनं दुंदुभीवाला पोरींच्या शाळेच्या उरावर बसलाय."

"वकिलीनबाई सोता वाचती?"

"तिचा नवरा वाचून दावतो."

"मंग नवरा आपल्या सोयीनं वाचत आसंल," धाकलू म्हणाला. "वाचनाऱ्याच्या हातात लय असतंय."

गौराचे कान तापले. धाकलू तिच्याकडे बघतही नव्हता. तो तंबाखूतल्या काड्या निवडत होता.

"भांडन कशाला?" आक्का म्हणाली. "मानूस सोता येतोय. त्यालाच इचार की."

मालोजीला कुणी आपल्या संपादकावर संशय घेतला की त्याच्या मिशीचं एक टोक हलत असे. ते हललं. "ठरलं. ज्यानं लिवलं त्यालाच तोंडावर इचारतो. फलाटावर, अख्ख्या कर्जतीदेखत. तो हो म्हनला तर ठमी शाळंत. नाय म्हनला तर साजगावला सुपारी. मंग माझ्याकडनं शब्द नाय."

"बघ हां," आक्का म्हणाली.

"बघायचं काय त्यात? आनि ऐक. आपन पन मानपत्र देऊ. सदू, शेठ एकटाच दीडशहाना नाय. आपल्या संपादकानं सुनांनी वाचावं म्हनून लिवलंय ना, तर मानपत्र सूनबाई वाचंल."

झोळीतली हिरू नेमकी तेव्हा झोपली. गौराला उठून जायला काही कारण उरलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी मालोजीने मानपत्र सांगितलं आणि गौराने ते लिहिलं. आक्का समोर पाय पसरून बसली होती. अक्षर कळत नसलं तरी सांगितलेलं सगळं तिच्या ध्यानात राहणार होतं. फलाटावर गौराने काय वाचायला हवं हे तिला पाठ झालं होतं.

"लिव," मालोजी म्हणाला, "आमचे मायबाप संपादक."

"मायबाप सरकारला म्हनतात," धाकलू म्हणाला.

"मंग काय म्हनू?"

"भाऊ म्हन. वयानं लहान आसंल तुझ्यापेक्षा."

"संपादक कधी लहान असतो काय? लिव सूनबाई, मायबाप." मग राब आला, ऐनाचं झाड आलं, कोयती आली. आणि शेवटी, "ते वाक्य घाल. नशीब वाचून घ्यावं लागत नाय, ते. त्यांचंच वाक्य त्यांच्यापुढं वाचलं की मानसाला बरं वाटतं."

गौराने ते घातलं. अक्षर थोडं हललं. हिरूने हात मारला, असं ती म्हणाली. हिरू तेव्हा ठमीच्या कडेवर अंगणात होती.

दुपारी घर सुस्तावलं तेव्हा ती सासूपाशी जाऊन बसली. अंबाबाई पाट्यावर मिरची वाटत होती. "आत्याबाई, मला मंगळवारी बरं वाटनार नाय."

"का गं?"

"अंग मोडून आलंय."

"मंगळवारचं आजच मोडून आलंय?" अंबाबाईने वरवंटा थांबवला नाही. "दिवाळीच्या टायमाला संपादकानं काय लिवलं व्हतं, आठवतं का गं तुला? घरच्या पाट्याला येळेवर टाकी लावावी, नायतर वाटन जाडं ऱ्हातं."

गौराने मिरचीची देठं गोळा करायला घेतली.

"मला तवाच वाटलं, हा पुन्याचा मानूस आपल्या पाट्यावर वाटायला कधी बसला?"

गौराने पदर तोंडाशी नेला. हसू येत होतं की रडू, तिलाच ठरवता येईना. "तुमाला ठावं व्हतं?"

"गुडघ्याचं लिवलंस तवा पक्कं झालं. तुझा सासरा तेल कोमट करून आनतो. लगीन झाल्यापासून पयल्यांदा." अंबाबाईने मिरचीचा गोळा वाटीत काढला. "मी कशाला बोलू? मला वाटलं, लिवतोय बिचारा चांगलं."

"आता काय करू, आत्याबाई? तो मानूस नाय म्हननार. त्यानं उलटं लिवलंय."

"किती उलटं?"

"पार उलटं."

अंबाबाईने हात धुतले, सावकाश, बोटं एकेक करून. "राबाचं पन तूच लिवलंस काय?"

"नाय. ते त्यांचं. ते मला कुठनं सुचनार? मी तर राब नुसता भाजताना बघितलाय. त्यांनी तो आपल्या हातानं भाजल्यावानी लिवलंय." आणि मग, सासूला सांगते की स्वतःला हे न कळून, "मला त्यांचा राग यायला पायजे. पन मला वाक्य कसं लिवायचं ते त्यांनीच शिकवलंय. त्यांचंच शिकून मी त्यांच्याच तोंडी उलटं घातलं."

अंगणातून ठमीचा आवाज आला, "वहिनी, हिरूला 'ह' काढून दावला, तिनं खाल्ला." कोळसा खाल्ला होता. दोघी उठून धावल्या, आणि बोलणं तेवढ्यावरच राहिलं. पण संध्याकाळी अंबाबाईने मालोजीला बजावलं की मंगळवारी घरातली सगळी माणसं स्टेशनात जातील, ती स्वतःसुद्धा. गुडघे दुखले तर दुखले.

*

फलाटावर हारांची गर्दी होती. शेठचा हार मुंबईहून मागवलेला, जरीचा. वकिलांचा झेंडूचा. मालोजीने आपला हार स्वतः वळलेल्या सुंभात पळसाची फुलं ओवून केला होता. फाल्गुनात त्या रानात दुसरं काही इतकं फुलत नाही. चालताना फुलं गळत होती, आणि धाकलू मागून ती गोळा करून पुन्हा खोचत होता. "तुझा संपादक येईस्तवर सुंभच ऱ्हानार," तो म्हणाला, पण खोचणं सोडत नव्हता.

गौराच्या कडेवर हिरू, हातात मानपत्र. तिने मनाशी एक वाट शोधून ठेवली होती. वाचता वाचता ते एक वाक्य गाळायचं, किंवा हिरूला चिमटा काढायचा, की ती रडेल आणि सगळं बुडेल. तिने हिरूच्या पोटरीवर बोटं ठेवून पाहिली. हिरू तिच्याकडे बघून हसली. बोटं तिथून निघाली.

गाडी आली. पुढे घाट, कर्जतला प्रत्येक गाडीला मागून दुसरं इंजिन लावत, तोवर ती थांबे. सगळ्यांनाच घाई झाली. शेठने हार घातला, वकिलांनी घातला, वकिलांनी भाषण केलं ते इंजिनाच्या वाफेत कुणालाच ऐकू आलं नाही. मग मालोजी खिडकीशी पोचला.

गौराने हरिपंतांना उंच कल्पिलं होतं. खिडकीत एक ठेंगणे, घामेजलेले गृहस्थ बसले होते. पुणेरी पगडी किंचित कलली होती आणि एका डोळ्यात कोळशाचा कण गेल्यामुळे ते रुमालाने तो डोळा टिपत होते. मालोजीने वाकून हार घातला तशी पळसाची दोन फुलं त्यांच्या मांडीवर पडली. त्यांनी ती उचलून शेजारी नीट ठेवली. गौराला ते आवडलं.

"म्हाराज, आमी दहिवलीचे. राबवाले. आमची सून वाचनार हाय."

उघड्या डोळ्याची भुवई वर गेली. कडेवर पोर, हिरवं लुगडं, आणि हातात कागद. "वाचा," ते म्हणाले.

गौरा वाचायला लागली. ऐनाचं झाड आलं, कोयती आली. हरिपंतांनी रुमाल खाली घेतला. डोळा लाल झाला होता, पण ते आता दोन्ही डोळ्यांनी ऐकत होते. 'ज्या हातांनी सारा भरायचा' हे आलं तेव्हा त्यांचे ओठ तिच्याबरोबर हलले. मालोजीने ते पाहिलं आणि सगळ्या फलाटाकडे वळून पाहिलं.

मग ते वाक्य आलं. गाळणं सोपं होतं. पण बाजूला ठमी उभी होती, वहिनीच्या बोटाखालून सरकणाऱ्या अक्षरांत स्वतःचं 'ठ' कुठे दिसतं का ते शोधत. गौराने ते वाचलं, पूर्ण वाचलं, आणि वाचताना तिला जाणवलं की ते इतर वाक्यांच्या रांगेत ताठ उभं आहे.

"म्हनून आमी आमची ठमी शाळंत घालतो," मालोजी म्हणाला. "तुमीच लिवलंत. चार मानसांत एकदा सांगा, म्हंजे झालं."

हरिपंतांनी खिडकीबाहेरच्या गर्दीकडे पाहिलं. शेठ हसून मान डोलावत होता. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. हार गळ्यात होते, लोक खूश होते, गाडी निघायला आली होती.

"पाटील," ते म्हणाले. मालोजी पाटील नव्हता, पण त्याने दुरुस्त केलं नाही. "तुमचा हार मी घेतला, तेव्हा खोटं बोलता येत नाही. राबाचं मी लिहिलं. हे मी लिहिलं नाही. मी याच्या उलट लिहिलं आहे, आणि मला तेच योग्य वाटतं." मग त्यांनी गौराकडे पाहिलं. "वाक्य मात्र चांगलं आहे. कुणाचं आहे?"

त्याच वेळी मागचं इंजिन जोडलं गेलं. धक्का बसला, पगडी नाकावर आली, हरिपंत बाकावर आदळले. कुणीतरी शिट्टी दिली, आणि खिडकी पुढे सरकायला लागली. मालोजी दोन पावलं गाडीबरोबर चालला, मग थांबला.

गौराला वाटलं होतं की तिला त्या माणसाचा द्वेष वाटेल. एक 'हो' म्हटलं असतं तर त्याचं काही गेलं नसतं, आणि ठमीचं सगळं वाचलं असतं. पण डबे पुढून जात असताना तिला वाईट वाटत होतं आणि विचित्र अभिमानही वाटत होता. तो माणूस तिने मानला होता तेवढा खरा निघाला होता. फक्त तिच्या बाजूने नव्हता.

*

सगळे घराकडे निघाले आणि नदीपाशी आले. उल्हासचं पाणी घोट्याएवढं होतं. पाण्यात शिरताना आक्काने लुगडं आवरलं आणि सुरुवात केली.

"मालू, मी काय बोलत नाय."

"मंग नको बोलू," धाकलू म्हणाला.

"साजगावला निरोप धाडायचा एवढंच म्हनते. तू शब्द दिलायस."

ठमी अंबाबाईच्या पदराआड चालत होती. सदू बायकोकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत हळूहळू उजाडत होतं. तपकीर, तेल, मुसळ, एकेक करून. तो पाण्यातच उभा राहिला, आणि अंबाबाईने त्याला कोपराने पुढे ढकललं.

मालोजी पात्राच्या मधोमध थांबला. त्याने मुंडासं काढलं, बातमी आल्यापासून पहिल्यांदा, आणि डोकं खाजवलं.

"आक्का, मी काय म्हनलो व्हतो?"

"म्हनलास, संपादकाला इचारतो."

"तसं नाय म्हनलो. धाकलू, काय म्हनलो?"

धाकलूने तंबाखू गालात सरकवली. त्याला सगळं कधीच कळलं होतं, असं त्याच्या तोंडावरून आता दिसत होतं. "म्हनलास, ज्यानं लिवलं त्याला तोंडावर इचारतो."

"आनि तो काय म्हनला? मी नाय लिवलं. मंग त्याला इचारून काय उपेग? तो त्या गावचाच नाय." मालोजी गौराकडे वळला. मिशीचं टोक हलत नव्हतं, आणि तिला वाटलं, त्यापेक्षा हललेलं बरं. "सूनबाई, ज्यानं लिवलं त्याला इचारतो. ठमीला शाळंत घालायची का नाय?"

पायाखालचा दगड शेवाळाचा होता. गौराने हिरूला घट्ट धरलं.

"घाला, मामंजी."

"बघ. हो म्हनलं," मालोजी आक्काला म्हणाला. "माझ्याकडनं शब्द पुरा झाला."

धाकलू हसायला लागला तो पार वाकून पाण्यात हात टेकेपर्यंत. अंबाबाईने हसू आवरण्यासाठी नदीच्या वरच्या अंगाला तोंड केलं. ठमीला पूर्ण कळलं नव्हतं, पण बरं काहीतरी झालं एवढं कळलं, आणि तिने बापाचं बोट धरलं.

आक्का मात्र गौरासमोर येऊन उभी राहिली. "म्हंजे ते मुसळाचं तूच."

"होय आक्का."

"पाट्याचं. म्हातारीच्या गुडघ्यांचं."

"होय."

"मालूच्या तपकिरीचंसुद्दा." आक्काने डोक्यावरचा पदर मागे सारला. "मी रोज दुधाची कासंडी डोईवर घिऊन ही नदी वलांडते. पावसाळ्यात कमरेएवढी. एक अक्षर लिवलं नायस माझ्याबद्दल."

ते खरं होतं. गौरा आक्काकडे बघत राहिली, त्या दुधाच्या भांड्याने डोक्यावर पडलेल्या टकलाच्या चकतीकडे, जी पदराआड नेहमी झाकलेली असे.

"साजगावच्यांना मी सांगंन," आक्का पुढे निघत म्हणाली. "थांबायचं तर थांबतील. नायतर त्यांचं दावं त्यांना."

सगळे पलीकडे गेले. मालोजी मागे रेंगाळला, गौरा त्याच्या थोडी पुढे. ती वाट बघत होती; रागाची म्हटलं तर रागाची. एका दिवसात एवढा मोठा माणूस त्याच्या हातातून गेला होता आणि त्याची भरपाई ती करू शकत नव्हती. तो काठावर चढला, पाय झटकले, आणि खाली बघतच बोलला. आवाज इतका हळू होता की तिला थांबावं लागलं.

"राबाचं?"

"काय मामंजी?"

"सरकारनं हात बांधून ठेवलेत, ते. ते तरी त्याचंच का?" विचारून झाल्यावर त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. कोयती काढून घेतली त्या दिवशीसुद्धा त्याचा चेहरा असा नसेल.

"त्यांचंच. एक अक्षर मी बदललं नाय. कधीच नाय."

मालोजीने मुंडासं पुन्हा डोक्याला गुंडाळलं, टोक नीट खोचलं.

"मंग हार वाया नाय गेला," तो म्हणाला, आणि तिच्या कडेवरून हिरूला आपल्याकडे घेऊन चालायला लागला.